बरणीतली माहिती

गल्लीतल्या नळांना पाणी येत होते, याबद्दल कोणाचेच दुमत नव्हते. मतभेद होता तो पाण्याबरोबर आणखी काय येते, याविषयी. पाणीपुरवठा खात्याच्या मते तो ‘ऋतुमानानुसार होणारा सौम्य रंगबदल’ होता. गल्लीच्या मते ते गटार होते. दोन्ही बाजूंनी आपापली मते सभ्य भाषेत आणि वेळोवेळी लेखी मांडली होती, आणि मधल्या काळात दोन्ही बाजूंचे लोक तेच पाणी उकळून पीत होते. कारण खात्याचे लोकही शेवटी कुठल्या तरी गल्लीतच राहतात.

अखेर खात्याचा अभियंता प्रत्यक्ष आला. त्याने बादलीत वाकून पाहिले, वास घेतला आणि वाकला त्यापेक्षा लवकर सरळ झाला.

“पाइप फुटलाय,” तो म्हणाला. “गटाराला लागूनच फुटलाय. अर्ध्या दिवसाचं काम आहे.”

“मग करा की!” गल्ली म्हणाली.

“पाणी बंद केल्याशिवाय कसं करणार? आणि पाणी बंद करायचं तर व्हॉल्व्ह बंद करायला हवा.”

“मग करा बंद.”

“तो कुठे आहे हे ठाऊक असतं तर तुमची वाट बघत उभा राहिलो असतो का? रस्त्यावर रस्ते चढले, झाकणं खाली गाडली गेली. पण घाबरू नका. फार वर्षांपूर्वी मोजणी झालेली आहे. एकूण एक व्हॉल्व्हची जागा टेपवर चढवून जतन विभागाकडे सुरक्षित ठेवलेली आहे.”

हे ऐकताच अख्खी गल्ली मान वळवून एकाच घराकडे बघू लागली. कारण जतन विभागाचे प्रमुख त्याच घरात राहत होते, आणि त्या क्षणी दाढीला साबण लावून खिडकीत उभे होते.

ऑफिसात त्यांना टेपसाहेब म्हणत. माणूस वाईट नव्हता. टेपांवर त्यांचा जीव होता, आणि जीव असलेल्या वस्तूला हात लावायचा नसतो अशी त्यांची समजूत होती. तळहाताएवढ्या काळ्या डब्यांच्या त्या टेपा काचेच्या कपाटात रांगेने उभ्या असत, प्रत्येकीच्या कपाळावर चिठ्ठी. खोली दिवसभर थंड ठेवावी असा नियम होता, म्हणून ती दिवसभर थंड असे. ऑफिस सुटल्यावर वीज वाचवावी असाही नियम होता, म्हणून संध्याकाळी यंत्र बंद होई, खोली घामेजून जाई आणि सकाळी पुन्हा गारठे. दोन्ही नियम वर्षानुवर्षे काटेकोर पाळले गेले होते. टेपांना रोज हिवताप भरत होता, आणि दोन्ही नियमांच्या रकान्यांत बरोबरची खूण पडत होती.

त्या सकाळी टेपसाहेब साबण पुसून चहाला बसले, तेव्हा बायको शेगडीवरच्या मोठ्या पातेल्याशी उभी होती.

“या घरात हल्ली स्वयंपाक कमी आणि पाणीच जास्त शिजतं,” ती म्हणाली. “ऐकलंत ना तो काय म्हणाला ते? अहो, एक टेप काढायची, लावायची, बघायची. त्यात काय एवढं?”

“टेपा अशा ऊठसूट लावत नसतात.”

“मग ठेवता कशाला?”

“जतन करायला.”

“माझ्या आईनंही काचेचा सेट असाच जतन केला होता. मोठे पाहुणे आले की काढू म्हणून. आई गेली, पाहुणे येऊन जेवून गेले, सेट अजून खोक्यात आहे.”

आतल्या खोलीतून बाबांचा आवाज आला. “सूनबाई, बाहेर कोणी आहे का गं रांगेत? मला पुन्हा जायचंय.”

“संडास मोकळाच आहे, बाबा. सावकाश जा, भिंत धरून.”

टेपसाहेबांचे वडील एकेकाळी दारात उभे राहिले की दार भरत असे. आठवडाभरात ते अंथरुणाच्या चुणीएवढे झाले होते. पाणी उकळून दिले तरी तोंड मात्र ते हट्टाने नळावरच धुवायचे. डॉक्टरांनी औषध दिले होते आणि वर सांगितले होते की खरे औषध नळात आहे.

“आणतो मी माहिती,” टेपसाहेब उठत म्हणाले. त्या दिवशी ते मनापासून म्हणाले होते, याची नोंद घ्यायला हवी. कारण पुढे बरेच दिवस तशी संधी येणार नाही.

टेप यंत्रात घातली तेव्हा यंत्राने जी किंकाळी फोडली ती खालच्या मजल्यावर ऐकू गेली. आतला रबरी रूळ विरघळून त्याचा चीक झाला होता, आणि फीत त्याला घट्ट चिकटली होती. टेपसाहेबांनी ती तशीच बाहेर ओढायचे धाडस केले नाही, एवढीच त्यांच्या आयुष्यभराच्या सावधपणाची कमाई. मग अशा टेपांतून माहिती सोडवणाऱ्या एक बाई आहेत असे कळले. त्यांना बोलावण्यात आले. शिपायाने पहिल्याच दिवशी त्यांचे नाव वैद्यबाई ठेवले, कारण आल्या आल्या त्यांनी टेप नाकाशी धरली आणि डोळे मिटले.

“ओल धरलीय,” वैद्यबाई म्हणाल्या. “हे बघा, फितीवर तपकिरी लेप असतो. माहिती त्या लेपात. लेप धरून ठेवणारा गोंद ओल पिऊन चिकट झालाय. आत्ता फिरवलीत तर लेपच सोलून निघेल. हिला मंद आचेवर भाजावं लागेल.”

“सरकारी मालमत्ता भाजायची?”

“शेकायची म्हणा हवं तर. मग थोडे दिवस गोंद ताळ्यावर येतो. तेवढ्यात एकदा वाचायची आणि वाचता वाचताच नक्कल उतरवून घ्यायची. नीट ऐका साहेब, पहिलं वाचन तेच शेवटचं समजायचं. दुसऱ्यांदा वाचलीत तर निम्मं हाती लागेल. तिसऱ्यांदा वाचलीत तर नुसती फीत.”

बाईंनी शेकण्यासाठी आपले फळे वाळवायचे यंत्र आणले होते. फाटकावर ते अडवण्यात आले, कारण आवारात स्वयंपाकाची उपकरणे आणायला बंदी होती. टेपसाहेबांनी धावपळ केली, वरिष्ठांना गाठले आणि त्या यंत्राचे ‘वाचनपूर्व उष्णता-संच’ असे बारसे करून ते आत घेतले.

“पण मी त्यात सफरचंदाच्या चकत्या करते हो,” बाई कौतुकाने फाटकावरच्या माणसाला सांगू लागल्या.

“इथे नका सांगू,” टेपसाहेब दातांवर दात धरून म्हणाले.

टेप शेकून निघाली. वैद्यबाईंनी स्वतःचे यंत्र जोडले, नवा रूळ बसवला, नक्कल उतरवायची तयारी केली आणि बोट बटणावर ठेवले. तेवढ्यात कायदेसल्लागारांनी घसा खाकरला.

जतन विभागात नियम असा होता, की प्रमाणित नसलेल्या माहितीची नक्कल करता येत नाही. नियमात चूक काढायला जागा नव्हती. उद्या कोणी चुकीच्या माहितीच्या नकला करत सुटला तर? तेव्हा आधी टेप वाचून माहिती बरोबर असल्याची खात्री करायची, समितीने ती प्रमाणित करायची, आणि मगच नक्कल.

“अहो, पण एकदाच वाचता येते म्हणून सांगतेय ना मी!” वैद्यबाई म्हणाल्या.

“म्हणूनच ते वाचन नीट व्हायला हवं,” कायदेसल्लागार म्हणाले. “इतकं महत्त्वाचं वाचन खात्री न करता कसं करणार?”

समितीत तिघे होते. कायदेसल्लागार कायद्यासाठी. सुरक्षा अधिकारी सुरक्षेसाठी, कारण पाण्याच्या पाइपांच्या जागा गोपनीय असतात. इतक्या गोपनीय, की त्या पाणीपुरवठा खात्यालाही ठाऊक नव्हत्या. आणि भाषा अधिकारी भाषेसाठी, कारण जुन्या नोंदींत ‘व्हॉल्व्ह’ असे लिहिलेले असण्याची दाट शक्यता होती आणि मान्य शब्द ‘जलप्रवाह-नियंत्रक झडप’ असा होता. सुरक्षा अधिकाऱ्यांनी सगळ्यांचे फोन, पेने आणि एका खिशातली बसची तिकिटे बाहेर ठेवून घेतली, आणि पहिले वाचन सुरू झाले.

फीत लोण्यातून सुरी जावी तशी सरकली. पडद्यावर नोंदी चढू लागल्या. रस्ता, घर, कोपरा, व्हॉल्व्ह. वैद्यबाईंचा चेहरा उजळला आणि लगेच पडला.

“उतरवून घेऊ का हो? अजून वेळ गेली नाही. जातेय हो ती!”

“जाऊ दे,” कायदेसल्लागार म्हणाले. “आधी खात्री.”

टेपसाहेब खुर्चीच्या कडेवर आले होते. त्यांची गल्ली जवळ येत होती. बायको पातेल्याशी उभी, बाबा भिंत धरून चाललेले, हे सगळे त्यांच्या डोळ्यांपुढे होते. आली! गल्लीचे नाव आले. व्हॉल्व्ह एकच होता. त्याची जागा मोजणी करणाऱ्याने मोठ्या आपुलकीने लिहिली होती: वळणानंतरचे पहिले घर, कुंपणाच्या बाहेर, पदपथावर, फाटकाच्या डाव्या हाताला, लोखंडी झाकण.

वळणानंतरचे पहिले घर टेपसाहेबांचे होते.

कुंपण आता तिथे नव्हते. त्यांचे लग्न झाले तेव्हा सूनबाईला स्वयंपाकघर अंधारे वाटेल म्हणून बाबांनी ते पुढे काढले होते. थोडेसेच. पदपथ रुंदच होता, आणि सगळ्या गल्लीने आपापल्या सुनांसाठी, जावयांसाठी, गाड्यांसाठी थोडे थोडे पुढे काढले होते. फाटकाच्या डाव्या हाताला आता ओटा होता. ओट्यावर शेगडी. शेगडीवर पातेले. गल्लीभर ज्याचा शोध चालला होता त्या व्हॉल्व्हच्या बरोबर डोक्यावर बायको रोज गटार उकळत होती.

“साहेब, पाणी हवंय का?” शिपायाने विचारले. “एकदम चेहरा उतरला तुमचा.”

“नको,” टेपसाहेब म्हणाले. “पाणी नको.”

वाचन संपले. “सगळं आलं, एक अक्षर सुटलं नाही,” वैद्यबाई म्हणाल्या. “आता पटकन सह्या करा, उरल्या लेपावर अजून नक्कल होईल.” तेव्हा भाषा अधिकाऱ्यांनी प्रांजळपणे सांगितले, की मधल्या भागात ते चहाला गेले होते.

कायदेसल्लागारांनी डोळ्यांवरचा चष्मा काढला. समिती पूर्ण नव्हती. वाचन रद्द.

तासाभरापूर्वीचे टेपसाहेब असते तर टेबलावर मूठ आपटून उठले असते. त्यांनाही तसेच वाटत होते, आणि म्हणूनच स्वतःचा शांत, भारदस्त आवाज कानावर आला तेव्हा सर्वांत जास्त दचकले ते तेच.

“नियम म्हणजे नियम,” तो आवाज म्हणत होता. “पुन्हा वाचू.”

वैद्यबाईंनी त्यांच्याकडे रोखून पाहिले. “साहेब, पाणी तुमच्याच गल्लीत खराब येतंय ना?”

“म्हणून तर,” टेपसाहेब म्हणाले. “माझ्या गल्लीसाठी मी नियम वाकवला असं कोणी म्हणायला नको.”

या निःस्पृहपणाचे समितीने कौतुक केले. चोराच्या मनातले चांदणे बाहेरून पाहणाऱ्याला कधी कधी सचोटीचे तेज वाटते.

दुसऱ्या वाचनाला तिघेही हजर होते. चहा आत मागवला होता. या वेळी फीत कण्हत सरकली. पडद्यावर मध्ये मध्ये भोके पडू लागली. रस्ता होता तर घर नव्हते, घर होते तर कोपरा नव्हता. भाषा अधिकाऱ्यांनी दोन ठिकाणी ‘व्हॉल्व्ह’ पकडला आणि हरकत नोंदवली. यंत्राच्या तोंडाशी तपकिरी पूड साठू लागली.

“हे काय आहे?” सुरक्षा अधिकाऱ्यांनी विचारले.

“तुमची माहिती,” वैद्यबाई कडवट हसून म्हणाल्या. “सुटली फितीवरून.”

सुरक्षा अधिकारी ताडकन उठले. “म्हणजे गोपनीय माहिती उघड्यावर सांडलीय? पंखा बंद करा! कोणी शिंकू नका!”

बारीक कुंचला आणला गेला. पूड कणाकणाने गोळा करून काचेच्या बरणीत भरली गेली. बरणीला लाख लावून मोहोर केली गेली. आता अडचण अशी आली, की रद्द झालेल्या पहिल्या वाचनात आणि वैध असलेल्या दुसऱ्या वाचनात तफावत होती. तफावत आढळल्यास तिसरे, निर्णायक वाचन करावे असे नियमातच होते. वैद्यबाईंनी हात जोडले, रागावल्या, शेवटी भिंतीकडे तोंड करून बसल्या. टेपसाहेबांनी ‘होय’च्या बाजूने मान हलवली. मान हलवायला फार जोर लागत नाही, हे त्यांना त्या दिवशी कळले.

तिसऱ्या वाचनाला मात्र कसलीही अडचण आली नाही. फीत इतकी स्वच्छ निघाली, की तिच्यातून पलीकडे बसलेले भाषा अधिकारी दिसत होते. त्यांना एकही आक्षेपार्ह शब्द आढळला नाही. कायदेसल्लागारांना कुठेही तफावत आढळली नाही. समितीने एकमताने अहवाल दिला: माहिती फितीपासून यशस्वीपणे वेगळी करण्यात आली असून ती शंभर टक्के बरणीत हस्तगत आहे.

“अहो, ती माहिती नाही, तो गंज आहे!” वैद्यबाई ओरडल्या.

“माहिती लेपात असते, हे विधान तुमचंच ना?”

“लेपात म्हणजे कण जागच्या जागी असतात तेव्हा. एकामागोमाग.”

“क्रम नंतर लावता येईल,” कायदेसल्लागार म्हणाले. “तो वेगळा प्रकल्प आहे.”

माहिती प्रमाणित झाल्यामुळे आता नक्कल करायला कोणाचीच हरकत नव्हती. दुसरी बरणी आणून अर्धी पूड तिच्यात ओतण्यात आली आणि ती सुरक्षिततेसाठी दुसऱ्या इमारतीत पाठवण्यात आली. वैद्यबाईंनी आपले फळांचे यंत्र काखोटीला मारले. फाटकावर ते पुन्हा अडवले गेले. या वेळी उष्णता-संच ही सरकारी वस्तू बाहेर नेली जात असल्याच्या संशयावरून.

टेपसाहेब घरी आले ते हलके होऊन. पायऱ्या चढतानाच शेजारणीने सांगितले, की बाबांना दवाखान्यात नेले आहे.

बाबांच्या हाताला सलाईन होते आणि तो हात हाताखालच्या चादरीपेक्षा पांढरा होता. “बाळ्या,” ते म्हणाले, “घोटभर पाणी दे रे. तो नळ नको पण.” एवढे बोलूनच त्यांना धाप लागली. टेपसाहेबांनी विकतच्या पाण्याची बाटली उघडून त्यांच्या ओठांशी धरली. डॉक्टरीणबाई बाहेर बोलावून म्हणाल्या, की या वेळी निभावेल, पण पुन्हा तेच पाणी पोटात गेले तर आपण काही सांगू शकत नाही.

बाहेरच्या बाकावर बसून त्यांनी बायकोला सगळे सांगितले. पडद्यावरची ओळ, फाटकाच्या डाव्या हाताची जागा, मान हलवणे.

“ओट्याखाली?” तिने विचारले.

“ओट्याखाली.”

“आणि तुम्ही गप्प बसलात.”

“तुझं स्वयंपाकघर गेलं असतं. तूच म्हणायचीस, उजेड येतो, हे एवढं एक घरात माझं म्हणून आहे—”

“माझ्या नावावर खपवू नका!” ती इतक्या मोठ्यांदा म्हणाली, की परिचारिकेने दारातून डोकावून पाहिले. मग आवाज खाली आणून ती म्हणाली, “बाबांनी माझ्यासाठी ते बांधलं होतं. त्यांच्यासाठी मला पाडता येणार नाही होय? जा. त्या अभियंत्याला सांगा, ये आणि फोड म्हणावं.”

टेपसाहेब गेले. अभियंत्याने शांतपणे ऐकून घेतले.

“साहेब, तोंडी माहितीवर खोदता येत नाही. तुमच्याच समितीचा अहवाल आलाय, माहिती बरणीत आहे म्हणून. बरणीतून काढून द्या, खोदतो.”

“माझं घर आहे. मी सांगतोय, फोडा.”

“घर तुमचं, पण जागा पदपथाची. नकाशात तिथे स्वयंपाकघर नाही. नसलेलं स्वयंपाकघर मी फोडू कसं? आधी ते आहे असं मान्य करावं लागेल. मान्य केलं की मोजणी आली. आणि मोजणी एका घराची होत नसते साहेब, अख्ख्या गल्लीची होते.” त्याने खिडकीतून बाहेर पाहिले. “गल्लीची ना-हरकत आणा. मला काय, अर्ध्या दिवसाचं काम आहे.”

रविवारी सकाळी निवृत्त मास्तरांच्या गॅरेजमध्ये गल्लीची सभा भरली. गॅरेज ऐसपैस होते. अर्धे मास्तरांच्या जागेत होते. पाण्याच्या तक्रारींचे सर्वांत जळजळीत अर्ज मास्तरांनीच लिहिले होते, त्यामुळे अध्यक्षपद ओघानेच त्यांच्याकडे आले. प्रत्येकाच्या हातात विकतच्या पाण्याची बाटली होती.

टेपसाहेब उभे राहिले आणि त्यांनी सगळे सांगून टाकले. आयुष्यात पहिल्यांदाच ते कुठल्याही कलमाचा आधार न घेता बोलत होते, म्हणून त्यांना वरचेवर थांबावे लागत होते. “चूक माझी आहे,” ते म्हणाले. “ओटा माझा फोडा. बाकी कोणाची तक्रार नसावी, एवढंच म्हणणं आहे.”

मग मास्तर खाकरले.

“साहेब, तुमच्या भावना आम्हाला समजतात. पण ते पहिलं वाचन रद्द झालं होतं ना? मग अधिकृतपणे तुम्ही काही पाहिलेलंच नाही.”

“मी डोळ्यांनी पाहिलं, मास्तर.”

“डोळ्यांचं काय, भास होतात. वडील आजारी, झोप नाही.”

“वहिनी, इतकं छान स्वयंपाकघर तुमचं,” समोरच्या घरातली बाई म्हणाली. तिच्या जिन्याची खालची वळणे पदपथावर उतरत होती. “कशाला उगाच?”

“माझ्या सासऱ्यांना सलाईन लावलंय,” बायको म्हणाली.

“हो ना, वाईटच झालं. पण त्यांचं वयही झालंय ना आता.”

बायको उठली आणि निघून गेली. सभेने तिच्या मागे मोकळेपणाने काम केले. जुन्या माहितीविषयी वरच्या लोकांना असलेल्या अनास्थेचा तीव्र निषेध झाला. बरणीतल्या पुडीचा क्रम तातडीने लावावा अशी एकमुखी मागणी झाली. टाळ्या चालू असतानाच पलीकडून घणाचा पहिला ठोका ऐकू आला.

टेपसाहेब धावत घरी पोचले तेव्हा शेगडी आणि पातेले अंगणात होते आणि बायको ओट्यावर घण घालत होती. तिने वर पाहिलेही नाही. “बघत काय उभे राहिलात? दुसरा घण न्हाणीघरामागे आहे.”

दोघांनी मिळून ओटा फोडला, फरशी उचकटली, माती उपसली. लोखंडी झाकण अगदी लिहिल्या जागी होते. खाली व्हॉल्व्हचे चाक. टेपसाहेबांनी ते धरले. बायकोने त्यांच्या हातांवर हात ठेवून जोर लावला. चाक कुरकुरले, फिरले आणि बंद झाले.

गल्लीतले सगळे नळ एकदम कोरडे पडले. कोणी डोक्याला साबण लावून बसले होते, कोणाकडे पाहुणे येणार होते, कोणाचे कपडे यंत्रात गरगरत होते. ज्या अभियंत्याला गल्लीत यायला महिनोन्महिने लागले होते तो त्या दिवशी गाडीचे दार नीट न लावताच उतरला. कारण पाणी घाण असल्याची तक्रार टपालाने येते आणि पाणी बंद झाल्याची तक्रार फोनवरून येते.

त्याने खड्ड्यात वाकून पाहिले आणि पहिल्यांदाच मनापासून हसला. “सापडला की! आता काय, पाणी बंदच आहे. लगेच माणसं बोलावतो. अर्धा दिवस खोदकाम, संध्याकाळी स्वच्छ पाणी.” मग तो सरळ झाला आणि गल्लीकडे वळला. “चर मात्र इथून गटारापर्यंत न्यावा लागेल. हा जिना जाईल, ती बाग जाईल, मास्तर, तुमचं निम्मं गॅरेज जाईल. चालेल?”

जो तो आपापल्या बांधकामाकडे बघू लागला. साबणवाल्याच्या डोळ्यांत फेस गेला होता, तरी तो डोळे उघडे ठेवून उभा होता.

“बरं, सोपं करू,” अभियंता म्हणाला. “चर खोदू द्यायला जे तयार आहेत त्यांनी हात वर करा.”

खड्ड्यात उभ्या असलेल्या बायकोने मातीने भरलेला हात वर केला. टेपसाहेबांनी हात वर केला. तो मान हलवण्यापेक्षा फार जड होता.

“आणि व्हॉल्व्ह उघडावा असं कोणाला वाटतं?”

मास्तरांचा हात आधी वर गेला, मग जिन्याचा, मग बागेचा, मग साबणाचा. अभियंत्याने नाइलाजाने खड्ड्यात उतरून चाक उलटे फिरवले. गल्लीभर नळ खोकले, गुरगुरले आणि तपकिरी धार सोडू लागले. पाणी आले पाहून काहींनी टाळ्यासुद्धा वाजवल्या. टेपसाहेब विकतच्या पाण्याच्या बाटल्या दोन्ही हातांत घेऊन दवाखान्याकडे निघाले. बायको खड्ड्याच्या काठावर बसून राहिली.

हात मोजताना अभियंत्याने गल्लीत हजर असलेले सगळे मोजले आणि मग कागदावर त्यापेक्षा बरेच जास्त लिहिले. तुम्ही त्या वेळी तिथे नव्हता, हे खरे. पण तुमचा हात कुठल्या बाजूला गेला असता हे त्याने तुम्हाला विचारले नाही. त्याने तो व्हॉल्व्ह उघडण्याच्या बाजूने आधीच मोजला होता.